रेंगाळणारं आभाळ: फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीचा आणि गारपिटीचा अंदाज वावरात उभं राहून कसा बांधायचा

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला की विदर्भातली बहुतेक पिकं एकदम उघड्यावर येतात. हरभरा सोंगणीला आलेला असतो, गहू ओंबीत दाणा भरत असतो, संत्र्याच्या आंबिया बहराची बारकी फळं नुकती धरलेली असतात. भिवापूरकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, मिरची वाळत असते आणि शेवटच्या वेच्याचा कापूस घरात जागा नाही म्हणून ओसरीत पडलेला असतो. काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकणारी एखादी प्रणाली नेमकी याच दिवसांत खाली मध्य भारतापर्यंत पाय पसरते. ती भरभर निघून गेली तर एका संध्याकाळच्या सरीवर भागतं. रेंगाळली तर तीन-चार दिवस रोज दुपारी आभाळ दाटतं, रोज कुठे ना कुठे गारा पडतात, आणि पहिल्या सरीनंतर निर्धास्त झालेला माणूस दुसरीत सापडतो.

मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो आणि काही वर्षांपासून आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हवामानाची नोंद टाकतो. शेतीत नव्याने आलेल्यांसाठी, शहरातून परतलेल्यांसाठी आणि गावात हे काम अंगावर घेऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी हा लेख आहे. तुमच्याच वावरावर गार पडेल का, हे आठ दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र पावसाआधी हातात किती कोरडे दिवस आहेत आणि दोन सरींच्या मधे उघाड किती मिळेल, हे बऱ्यापैकी ओळखता येतं. पीक वाचतं ते यानेच.

१. ही प्रणाली नेमकी काय आहे, ते आधी समजून घ्या

बातम्यांत तिला पश्चिमी चक्रावात किंवा पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारी ही वरच्या हवेतली खळबळ पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयावर आदळते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा अशा प्रणाली येतात. बहुतेक वरच्या वर, उत्तरेतूनच जातात. आपल्याला त्यांचा पत्ता लागतो तो नंतरच्या गारठ्यावरून.

तिची द्रोणी, म्हणजे वरच्या वाऱ्यांना पडलेला दक्षिणेकडचा बाक, कधी कधी खोल होतो आणि गुजरात-मध्य प्रदेशपर्यंत उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात शिरत असले की वर थंड कोरडी हवा आणि खाली उबदार ओली हवा अशी जोडी जमते. फेब्रुवारी-मार्चची दुपारची तापलेली जमीन या जोडीला वर ढकलते आणि ढग उंच वाढतात.

बर्फाचा आणि गारेचा संबंध इथे आहे. हवेत जिथे तापमान शून्य अंशावर येतं, ती उंची आपल्याकडे पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या वर असते. हिवाळ्याच्या शेवटी ती साधारण चार किलोमीटरपर्यंत खाली येते, थंड द्रोणी डोक्यावर असली की आणखीही उतरते. काश्मीरचे डोंगर या रेषेच्या जवळ किंवा वर असतात, म्हणून तिथे हिम पडतं. आपल्या ढगातही वर बर्फच असतो, पण हिमकण खाली येईपर्यंत वितळून पाऊस होतो. गार मात्र जड आणि घट्ट असते. वितळायला कमी अंतर मिळालं की ती तशीच वावरात येते. गारपिटीनंतर पांढऱ्या झालेल्या शेतांचे फोटो 'विदर्भात बर्फवृष्टी' म्हणून फिरतात. ते हिम नसतं. चिखलदऱ्यालाही हिम पडण्याइतकी ही रेषा खाली येत नाही.

२०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीच्या लाटांमागून लाटा आल्या, त्या अशाच रेंगाळलेल्या स्थितीमुळे. ११ फेब्रुवारी २०१८ ला पश्चिम विदर्भ आणि मराठवाड्यावर गारा पडल्या, तेव्हा हरभऱ्याचे घाटे जमिनीत रुतले होते. ही दोन वर्षं आमच्याकडे अजून तारखांसकट सांगितली जातात.

२. लागणारी साधनं

विकत घ्यायचं फारसं काही नाही. फोनवर एवढं असू द्या:

- मौसम: हवामान विभागाचं अ‍ॅप. जिल्ह्याचे इशारे आणि रडारची चित्रं.
- मेघदूत: जिल्हानिहाय कृषी सल्ला, मराठीतही. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.
- दामिनी: वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं.
- विंडी: वेगवेगळ्या उंचीवरचे वारे नकाशावर बघण्यासाठी.
- नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं संकेतस्थळ. विदर्भाचं रोजचं बुलेटिन इथून निघतं.

घरी एक पर्जन्यमापक आणि एक साधा तापमापक ठेवा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतीचं, सपाट तळाचं भांडं मोकळ्या जागी ठेवून पट्टीने पाणी मोजलं तरी चालतं. नोंद रोज सकाळी साडेआठलाच करा. हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

आणि एक वही घ्या. फोनमधल्या चित्रांची तारीख पुसते, वहीतली राहते.

३. सहा-सात दिवस आधी: पश्चिमेकडे बघा

विंडी उघडा, वारा निवडा आणि उंची ५०० एचपीए (हेक्टोपास्कल, हवेच्या दाबाचं एकक) करा. ही साधारण साडेपाच-सहा किलोमीटरची पातळी. बुलेटिनमध्ये '५.८ किलोमीटर उंचीवर' असं येतं, ते हेच. वाऱ्याच्या रेघा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहताना दिसतील. इराण-अफगाणिस्तानवर त्या कुठे दक्षिणेकडे खोलगट होतात ते शोधा. तीच द्रोणी.

आता बघायचं ते एकच: हा खोलगट भाग दक्षिणेकडे किती उतरतो. ३० अक्षांशाच्या वरच राहिला तर आपण थंडीची तयारी ठेवायची, पावसाची नाही. २० ते २२ अक्षांशापर्यंत उतरताना दिसला तर वहीत नोंद करा. नागपूर २१ अक्षांशावर आहे.

सात दिवस आधीच्या चित्रावरून गटावर काहीही लिहू नका. या टप्प्यावर तुम्ही नुसते जागे होता, बस. हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. त्यात येत्या आठवड्यांत मध्य भारतात पाऊस सरासरीहून जास्त दाखवलाय का, एवढं बघून ठेवा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अ‍ॅपमधलं गावाच्या नावाखालचं छोटं ढगाचं चिन्ह. सात दिवसांनंतरच्या बुधवारी दुपारी ३ वाजता तुमच्या गावात ४ मिलिमीटर पाऊस, असं ते बेधडक दाखवतं. एवढ्या आधी त्या तीन वाजण्याला काही अर्थ नसतो. संगणकाला आकडा द्यावाच लागतो, म्हणून तो देतो.

४. चार-पाच दिवस आधी: वेग मोजा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवे लोक हीच गाळतात.

द्रोणीचा सगळ्यात खोल भाग आज कोणत्या रेखांशावर आहे ते वहीत लिहा. ६० अंश म्हणजे इराणची पूर्व सीमा, ६५ अंश म्हणजे कंदहारच्या आसपास, ७५ अंशावर आपला जळगावचा पट्टा. विदर्भ साधारण ७६ ते ८१ अंशांत बसतो. उद्या त्याच वेळी पुन्हा लिहा. नेहमीची प्रणाली दिवसाला आठ-दहा अंश पूर्वेला सरकते, म्हणजे इराणच्या सीमेवरून दोन दिवसांत आपल्या डोक्यावर. दिवसाला दोन-तीन अंशच सरकत असेल, तर ती रेंगाळणारी आहे.

रेंगाळण्याची कारणं सहसा दोन. एक, तिच्या पुढे पूर्वेला जास्त दाबाचा भाग ठाण मांडून बसलेला असतो आणि वाट अडवतो. दोन, द्रोणीचा खालचा भाग मुख्य वाऱ्यांपासून तुटतो आणि नकाशावर बंद गोल भोवरा होऊन एकटाच फिरत राहतो. वाहून नेणारा प्रवाहच सुटलेला असल्यामुळे असा तुटलेला भोवरा कुठे जाईल हे सांगणं जड असतं. तो दिसला की तुमच्या अंदाजातला आत्मविश्वास एक पायरी कमी करा.

पाऊस-गारांचा धोका द्रोणीच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेकडच्या अंगाला असतो. हवा तिथे वर उचलली जाते. म्हणून द्रोणी आपल्या पश्चिमेला राजस्थान-गुजरातवर उभी आहे तोवर आपल्यावर टांगती तलवार. ती ८० रेखांशाच्या पूर्वेला गेली, वायव्येचा कोरडा वारा सुटला आणि पहाट गार झाली, की प्रणाली सरली. तोवर 'गेलं आभाळ' म्हणू नका, मग एक अख्खा दिवस कडक ऊन पडलेलं असलं तरी.

विंडीत युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन मॉडेलं, म्हणजे संगणकाने काढलेले दोन वेगळे अंदाज, बघता येतात. दोन्ही बघा. दोघांत पावसाच्या दिवसाचा फरक एका दिवसापेक्षा जास्त असेल तर तारीख सांगू नका, 'बुधवार ते शुक्रवार' असा पट्टा सांगा. त्याहून खात्रीचं म्हणजे एकच मॉडेल आज काय म्हणतंय आणि काल काय म्हणत होतं ते ताडून बघा. रोज अर्धा दिवस पुढे ढकललं जात असेल, तर प्रणाली अपेक्षेपेक्षा हळू आहे. अशा वेळी पाऊस उशिरा सुरू होतो, आणि उशिराच थांबतो.

५. ओलावा येतोय का, ते तपासा

वर द्रोणी असली पण खाली हवा कोरडी असली, तर आभाळ नुसतं येऊन जातं. विंडीत उंची ८५० एचपीए करा, साधारण दीड किलोमीटर. वारा छत्तीसगड-तेलंगणाकडून, म्हणजे पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतोय का बघा. बंगालच्या उपसागरावर घड्याळाच्या दिशेने फिरणारे वारे दिसले तर ओलावा ढकलणारा पंप चालू आहे असं समजा. विदर्भापासून मराठवाडा-कर्नाटक ओलांडून केरळपर्यंत द्रोणीय रेषा असल्याचं बुलेटिनमध्ये आलं, तर ही सगळी सामग्री जुळते आहे. विंडीतच शून्य अंशाच्या उंचीचाही थर आहे. ती चार किलोमीटरच्या खाली येत असेल तर गारांची शक्यता वाढवा.

वावरातही खुणा मिळतात. पहाटेचं किमान तापमान दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढणं ही पहिली खूण. रात्री ढग असले की जमिनीची ऊब सुटत नाही. उंच पिसासारखे ढग येतात, चंद्राला खळं पडतं. एरवी उत्तरेचा असलेला वारा फिरतो आणि अंगाला चिकट वाटायला लागतं. जुनी माणसं यावरूनच बोलतात, आणि त्यांचं ऐका. नुसत्या खळ्यावरून पाऊस येईलच असं नाही, पण नकाशा आणि खळं एकच सांगत असतील तर कामाला लागा.

काही फोनमध्ये हवेचा दाब दिसतो. दुपारी दाब उतरला म्हणून घाबरू नका. आपल्या पट्ट्यात तो रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला उतरतो. आजचे चार आणि कालचे चार, एवढीच तुलना करा.

६. बुलेटिन शब्दाशब्दाने वाचा

दोन दिवस आधीपासून नागपूर केंद्राचं बुलेटिन हाच आधार. तुमचा स्वतःचा अंदाज त्याच्या विरुद्ध जात असेल तर त्यांचंच धरा. त्यांच्याकडे रडार आहे, हवेत सोडलेल्या फुग्यांची मोजमापं आहेत आणि अनुभवी माणसं आहेत.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि त्यावर 'सर्वदूर'. गारपिटीचा इशारा जवळजवळ नेहमी 'तुरळक ठिकाणी' असाच येतो. तो वाचून लोक म्हणतात, मग आपल्याकडे कशाला येते. गारांचा पट्टा अरुंदच असतो, धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे सपाट आणि पलीकडे शाबूत असंही होतं. तुरळक हा शब्द किती गावांत पडेल हे सांगतो, पडली तर किती मारेल हे नाही.

पावसाचं प्रमाण असं: १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यावर जोरदार. सोंगलेल्या हरभऱ्याला मात्र 'हलका' पाऊसही पुरेसा असतो.

रंगांचा अर्थ: हिरवा, इशारा नाही. पिवळा, लक्ष ठेवा. नारिंगी, तयार राहा. लाल, कृती करा. माझं मत असं की काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याने एक रंग वरचा धरून चालावं. हे रंग सगळ्या लोकांसाठी असतात. तुमचं पीक जमिनीवर कापून पडलेलं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

७. वावरातले निर्णय

'पाऊस येणार, सोंगून टाका' हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो, आणि त्याने दरवर्षी नुकसान होतं. निर्णय सोंगणीचा नसतो, सोंगणी ते घर या पूर्ण साखळीचा असतो. मजूर, थ्रेशर, ट्रॅक्टर, ताडपत्री, जागा. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी बहुधा थ्रेशर असते, कारण इशारा आला की सगळं गाव त्याच हडंब्याच्या (थ्रेशरच्या) मागे लागतं. म्हणून चौथ्या पायरीवर, प्रणाली रेंगाळतेय असं दिसताच, थ्रेशरवाल्या भाऊंना पहिला फोन करा. हवामानाच्या अभ्यासाचा खरा मोबदला हा एक दिवस आधी गेलेला फोन आहे.

हरभरा. घाटे वाळलेत, पानं गळलीत आणि पावसाआधी थ्रेशर नक्की मिळतोय: सोंगा, मळा, दाणे घरात आणा. थ्रेशर मिळत नाही, पण मजूर आणि ताडपत्री आहे: सोंगून लगेच गंजी (पेंढ्यांची रास) लावा. दोन्ही नाही: उभा राहू द्या. नुसत्या पावसात उभं झाड वाऱ्याने वाळतं. काळ्या मातीवर पसरलेली पेंढी ओली झाली की दाणा काळा पडतो, उघाड मिळाली नाही तर मोड फुटतात. गारा आल्या तर उभ्याचे घाटे झडतात हे खरं. पण गारपीट तुरळक ठिकाणी असते आणि पाऊस बऱ्याच ठिकाणी, हे तोलून ठरवा. हिरवा हरभरा घाईने सोंगू नका, दाणा चिमतो.

गंजी. उंचवट्यावर लावा, खाली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) किंवा लाकडं अंथरा. घाटे आत, बुडखे बाहेर, वर निमुळती. ताडपत्री दोरीने आडवी-उभी बांधा. वादळी वारा ताशी ४०-५० किलोमीटरचा असला की नुसते दगड पुरत नाहीत. पाणी वाहून जायला भोवती दांड काढा. आणि उघाड मिळाली की ताडपत्री काढून वारा लागू द्या. झाकून ठेवलेली दमट गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. रेंगाळणाऱ्या प्रणालीत हे उघडणं-झाकणं रोज करावं लागतं, सकाळी उघडा, दुपारी बाराच्या आत झाका.

गहू. ओलित थांबवा. ओल्या जमिनीत मुळं सैल होतात आणि वाऱ्याने गहू लोळतो. लोळलेला पुन्हा उभा होत नाही.

संत्रा. मृग बहराची तयार फळं झाडावर असतील आणि व्यापारी ठरलेला असेल तर तोडणी आधी उरका. ओलं फळ तोडून भरू नका, वाटेत सडतं. फवारणी पुढे ढकला. गारांनंतर पडलेली फळं बागेबाहेर काढा आणि सालीला झालेल्या जखमांसाठी तांबेयुक्त बुरशीनाशकाचं प्रमाण कृषी विज्ञान केंद्राला विचारून मगच फवारा.

मिरची आणि कापूस गोळा करून कोरड्यात न्या. कुटार (मळणीनंतरचा भुसा) झाका. ते सगळे विसरतात आणि मे महिन्यात बैलांसाठी विकत घ्यावं लागतं. बाजार समितीत माल नेणार असाल तर शेडमध्ये जागा आहे का ते आधी विचारा, उघड्या ओट्यावर ढीग लावून रात्र काढू नका.

८. ऐन दिवशी

आता नकाशे बाजूला ठेवा. रडार, दामिनी आणि डोळे, एवढंच वापरा. हवामान विभाग पुढच्या तीन तासांसाठी तात्कालिक अंदाज देतो. त्यात जिल्ह्याचं नाव आलं की वावरातली माणसं घराकडे वळवा.

रडारवर लाल आणि त्यापुढचे रंग, म्हणजे ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) वर, दिसले की जोराची सर किंवा गारा. लागोपाठची तीन चित्रं बघा आणि ढग कोणत्या बाजूला सरकतोय ते ठरवा. या दिवसांत ढग साधारण पश्चिम किंवा नैऋत्येकडून पूर्वेकडे जातात. म्हणजे आम्ही वर्ध्याचे लोक यवतमाळ-अमरावतीवर डोळा ठेवतो, नागपूरचे आमच्यावर. चित्रावरची वेळ तपासा. ती जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा. शिळं चित्र बघून निर्धास्त होणं फार महागात पडतं.

अकोला-वाशिमकरांनी एक ध्यानात ठेवावं. नागपूरच्या रडारपासून अकोला सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारची सगळ्यात खालची किरणंही जमिनीपासून चार-पाच किलोमीटर वरून जातात. खाली काय चाललंय ते त्यातून नीट दिसत नाही. बुलढाणा तर तीनशे किलोमीटरच्याही पुढे आहे. तिथे उपग्रहाचं चित्र आणि दामिनी यांवर भर द्या.

विजेचा नियम पाठ करा: वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर आसरा घ्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. मोहाच्या, कडुलिंबाच्या झाडाखाली थांबू नका. बाजू उघड्या असलेलं टिनाचं छप्पर आसरा नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी चालते. जनावरं झाडाला किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका. गंजीवरची ताडपत्री उडाली तरी विजा चमकत असताना ती धरायला धावू नका. ताडपत्री दुसरी मिळते.

९. गटावर काय लिहायचं

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पाच ओळींत. नमुना:

'मंगळवार (तारीख), सकाळी ९. आज आणि बुधवारी दुपारपर्यंत कोरडं. बुधवार दुपार ते शुक्रवार रात्र मेघगर्जनेसह पाऊस, तुरळक ठिकाणी गारा. जोर बहुधा गुरुवारी. मधे गुरुवार आणि शुक्रवारच्या सकाळी काही तास उघाड मिळण्याची शक्यता. नागपूर केंद्राचा इशारा: नारिंगी. पुढची नोंद आज संध्याकाळी ६ ला.'

तारीख-वार लिहिल्याशिवाय काहीही पाठवू नका. 'उद्या' हा शब्द तर नकोच, पुढे पाठवत पाठवत तो तीन दिवसांनी कोणाच्या तरी फोनवर पोचतो. अंदाज बदलला तर आधीची नोंद पुसू नका, खाली 'बदल' लिहून नवी टाका. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सांगायची सोय आधीच ठरवा.

१०. नुकसान झालंच तर

पंचनाम्याआधी वावर साफ करू नका. फोटो आणि व्हिडिओ काढा, फोनचं लोकेशन चालू ठेवून. गारा पडलेल्या असतील तर वितळायच्या आत नाण्याशेजारी ठेवून काढा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. शासनाच्या मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त लागतं.

पीक विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात. गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान तुमच्या हंगामाच्या योजनेत येतं का, हे पेरणीच्या वेळीच शासन निर्णयात बघून ठेवा. येत असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४७. संत्र्याच्या हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, ते आपोआप मिळत नाही.

एका पिशवीत आधीच भरून ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ, ताजे
- ई-पीक पाहणी केल्याची नोंद. सातबाऱ्यावर हरभऱ्याऐवजी दुसरंच पीक असेल तर पुढे सगळं अडतं
- आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक
- शेतकरी ओळख क्रमांक
- विमा हप्त्याची पावती
- सामायिक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र
- तुमच्या पर्जन्यमापकाची वही

वहीला कायद्याने वजन नाही. पावसाच्या आकड्यावर ठरणारे भरपाईचे हिशेब महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर होतात, आणि ते केंद्र तुमच्या गावापासून दहा किलोमीटरवर असू शकतं. पण मंडळाच्या केंद्रावर ४ मिलिमीटर आणि तुमच्याकडे ३५ असा फरक असला, शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या नोंदी तुमच्याशी जुळत असल्या, तर तहसील कार्यालयात अर्जासोबत त्या जोडता येतात. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि रक्कम खात्यात येईपर्यंत ती त्याच पिशवीत ठेवा.